नाडी बदलते म्हणून रक्तदाब टिकतो

पत्र : मॅडम, मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमीची नावं रात्र रात्र बसून पाठ करते आणि आठवड्याभरात निम्मी विसरते. फिजिऑलॉजीचा पहिलाच धडा होमिओस्टॅसिसचा, म्हणजे शरीर आतली स्थिती कशी राखतं त्याचा. व्याख्या तोंडपाठ आहे, एसीच्या थर्मोस्टॅटची आकृतीही येते. पण चाचणीत प्रश्न आला, ‘झोपलेली व्यक्ती उभी राहिल्यावर तिचा रक्तदाब कसा टिकतो?’ मी व्याख्या लिहिली, थर्मोस्टॅट काढला. १० पैकी २ गुण मिळाले. शरीर जर सगळं स्थिर ठेवतं, तर उभं राहिल्यावर नाडी का वाढते, हेच मला कळलेलं नाही. वर्गातल्या इतरांना हे सहज जमतं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? आत्ताच कोर्स बदलावा का?
— पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो डोक्यात असला की बाकीचं वाचताना लक्ष लागत नाही. कोर्स बदलू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. ‘सगळं स्थिर ठेवायचं तर नाडी का वाढते?’ हा प्रश्न ज्या मुलीला पडला, तिला विषय कळायला सुरुवात झालेली आहे. व्याख्या लिहून पुढे जाणाऱ्या अनेकांना तो वर्षभर पडत नाही. तुझी स्मरणशक्तीही ठीक आहे. अडचण क्रमाची आहे. तू आधी नावं गोळा करतेस आणि मग ती कशाला लावायची ते शोधतेस. उलटं करून बघ.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळू. शरीर सगळं स्थिर ठेवत नाही. मोजक्याच गोष्टी एका मर्यादेत राखतं आणि त्या राखण्यासाठी बाकीच्या गोष्टींना भरपूर बदलू देतं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहावा म्हणून श्वासाचा वेग बदलतो. रक्तातल्या सोडियमची तीव्रता लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या आत राहावी म्हणून लघवी कधी पाण्यासारखी फिकट, कधी गडद होते. मेंदूला रक्त पोचवणारा दाब टिकावा म्हणून नाडी वाढते. राखायची गोष्ट कोणती आणि तिच्यासाठी राबणारी कोणती, हे दोन कप्पे वेगळे झाले की अर्धा धडा सुटतो. तू नाडीला राखायच्या कप्प्यात टाकलंस. ती राबणाऱ्यांपैकी आहे.

हे वाचून सोडून देऊ नकोस, स्वतःवर करून बघ. पाच मिनिटं शांत आडवी पड. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी मोज. मग उठून उभी राहा, लगेच मोज, आणि एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोज. चक्कर आली तर खाली बस, हट्ट करू नकोस. बहुतेक निरोगी तरुण माणसांची नाडी मिनिटाला साधारण १० ते २० ठोक्यांनी वाढलेली दिसते. आता त्या काही क्षणांत आत काय घडलं ते सावकाश पाहू. तुझ्या चाचणीतल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

उभं राहिल्याबरोबर गुरुत्वाकर्षणामुळे साधारण अर्धा लिटर, कधी त्याहून थोडं जास्त, रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. शिरांच्या भिंती पातळ आणि लवचीक असतात, त्या फुगतात आणि रक्त तिथे थांबतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकतं तेही कमी झालं. धमन्यांमधला दाब घसरायला लागतो. हा झाला बिघाड.

तो ओळखतं कोण? मानेत दोन्ही बाजूंना कॅरॉटिड धमनी वर जाते आणि स्वरयंत्राच्या थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेच्या पातळीवर तिच्या दोन शाखा होतात, आतली आणि बाहेरची. आतल्या शाखेच्या सुरुवातीला धमनी किंचित फुगीर असते. तो कॅरॉटिड सायनस. त्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं आहेत, ती भिंत किती ताणली गेली ते सांगतात. तशीच टोकं महाधमनीच्या कमानीतही आहेत. कॅरॉटिड सायनसकडून संदेश नवव्या कपालचेतेतून (कपालचेता म्हणजे मेंदूतून थेट निघणारे मज्जातंतू) जातो, कमानीकडून दहाव्या. दोन्ही पोचतात मेंदूच्या तळाशी, मेड्युलामध्ये. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. ते लिहितात, ‘दाब कमी झाला की टोकं संदेश पाठवतात.’ प्रत्यक्षात ती टोकं एरवीही सतत संदेश पाठवतच असतात. दाब पडला, भिंत कमी ताणली गेली, की संदेशांचा वेग कमी होतो, आणि तो कमी होणं हीच मेड्युलासाठी खबर. हे एक वाक्य तुझ्या उत्तरात आलं, तर तपासणाऱ्याला कळेल की हिला आतलं दिसलंय.

मग मेड्युला दोन कामं एकाच वेळी करतं. दहाव्या चेतेतून, म्हणजे व्हेगसमधून, हृदयाला जो सतत आवर घातला जात असतो तो सैल करतं, आणि सिंपथेटिक चेतांचा, म्हणजे शरीराला तातडीच्या कामाला लावणाऱ्या मज्जातंतूंचा, जोर वाढवतं. व्हेगसचा आवर सैल झाला की एसए नोड, म्हणजे हृदयातला ठोक्यांचा वेग ठरवणारा भाग, लगेच वेगाने ठोके देऊ लागतो, नाडी वाढते. सिंपथेटिकमुळे हृदयाचे स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतात, लहान धमन्या आवळल्या जातात, शिरासुद्धा आवळल्या जातात आणि साचलेलं रक्त वर ढकललं जातं. दाब पुन्हा जागेवर येतो, आणि हे सगळं काही सेकंदांत. घसरण ज्या दिशेने झाली त्याच्या उलट दिशेने शरीराने उत्तर दिलं, म्हणून याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणायचं.

बराच वेळ उभं राहायचं असेल तर पायांचीही मदत लागते. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्ताला वर जाण्यापलीकडे वाट राहत नाही. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा शिरांमधल्या याच झडपा त्यांच्या पुराव्याचा मोठा भाग होत्या. हार्वेंच्या आधीच्या शरीररचनाकारांनीही त्या पाहिल्या होत्या, नोंदवल्या होत्या. हार्वेंनी विचारलं, या दारांमधून रक्त जातं कुठे? रचना बघून क्रिया विचारायची ही सवय तुला आजच लागली, तर दोन विषय एक होऊन जातील.

आता मघाशी वाचलेल्यातली नावं मोज. कॅरॉटिड धमनीच्या शाखा, थायरॉइड कूर्चा, महाधमनीची कमान, नववी आणि दहावी कपालचेता, मेड्युला, एसए नोड, पोटरीच्या शिरा आणि त्यांच्या झडपा. ही सगळी तुझ्या अ‍ॅनाटॉमीच्या वेगवेगळ्या प्रकरणांमध्ये विखुरलेली आहेत. प्रत्येक वेगळं पाठ केलंस तर आठवड्यात जाणारच. ‘उभं राहिल्यावर दाब कसा सावरतो’ या एका कामाला सगळी जोडली की एक आठवलं तर पुढचं आपोआप येतं. नवव्या कपालचेतेचं नाव ग्लॉसोफॅरिंजियल आहे, हे मला आजही चेतांच्या यादीतून आठवत नाही. ते कॅरॉटिड सायनसवरूनच आठवतं.

एक सूचना मनापासून देते. मानेतली नाडी बघायची असेल तर एका वेळी एकाच बाजूला, हलक्या बोटांनी. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत आणि कुठलीच चोळायची नाही. सायनसवर दाब आला की मेंदूला वाटतं रक्तदाब वाढला, आणि हृदय एकदम मंदावून माणूस बेशुद्ध पडू शकतो. वयस्कर माणसांवर तर हा प्रयोग मुळीच नको.

तू पेशंटच्या जवळ काम करणार आहेस, म्हणून हेही लिहिते. बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या पेशंटला थेट उभं करायचं नसतं. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवायचं, थोडा वेळ थांबायचं, चेहरा आणि नाडी बघायची, चक्कर येते का विचारायचं, मग आधार देऊन उठवायचं. त्या माणसाची ही दाब सावरणारी यंत्रणा सुस्तावलेली असते. म्हातारपणी ती मुळातच हळू असते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग कमी ठेवणारी औषधं, घेणाऱ्या पेशंटची नाडी तर वाढायला हवी तेवढी वाढतच नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर ते नोंदवायचं आणि कळवायचं. वॉर्डमध्ये पेशंट पडण्याचं एक मोठं कारण हेच असतं. तुझ्या चाचणीतला तो प्रश्न कोणी गंमत म्हणून विचारलेला नव्हता.

थर्मोस्टॅटबद्दल बोलते. ती आकृती चुकीची नाही. संवेदक, नियंत्रण केंद्र, काम करणारा भाग, असे तीन चौकोन तिच्यातून कळतात. पण ती तुला दोन ठिकाणी फसवते. एसी चालू होतो किंवा बंद होतो. शरीरात मात्र एकाच वेळी पाच-सहा भाग, प्रत्येक वेगवेगळ्या वेगाने आणि कमी-जास्त जोराने, कामाला लागतात. आत्ता पाहिलंस तसं, नाडी, स्नायूंचा जोर, धमन्या, शिरा, सगळं एकदम. दुसरी फसवणूक मोठी आहे. एसीचा आकडा आपण बाहेरून ठरवतो. शरीराचा आकडा आत ठरतो आणि तो हलतो. निरोगी माणसाचं तापमानसुद्धा पहाटे सगळ्यात कमी आणि दुपार उलटल्यावर जास्त असतं.

ताप हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. जंतुसंसर्ग झाला की प्रतिकार करणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमसमधला, म्हणजे मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रातला, आकडा वर सरकतो, समज ३९ अंशांवर. अंग अजून ३७ वर आहे. हायपोथॅलॅमसच्या हिशेबाने हे थंड झालं. मग त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. अंगात ताप चढत असताना पेशंट पांघरूण मागतो ते याचसाठी. पॅरासिटामॉलने प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी होते, आकडा खाली येतो, आणि आता ३९ वर असलेलं अंग ‘जास्त गरम’ ठरतं. म्हणून घाम फुटतो. थंडी वाजणं आणि घाम येणं या दोन्ही वेळी यंत्रणा अगदी व्यवस्थित काम करत असते, बदललेला असतो तो आकडा. उन्हाच्या तडाख्याने अंग तापतं तेव्हा मात्र आकडा जागेवरच असतो आणि उष्णता बाहेर टाकणंच जमेनासं झालेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल कामाचं नाही, अंग बाहेरून थंड करावं लागतं. तापमापकावर दोन्हीकडे एकच आकडा दिसला तरी उपचार वेगळा, आणि तो का वेगळा हे कळायला तीन चौकोनांची आकृती पुरत नाही.

संतुलनाबद्दल आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाक. आत-बाहेर सारखं म्हणजे संतुलन, असं वाटतं. पेशीच्या बाहेर सोडियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास, आत त्याच्या एक दशांश. पोटॅशियमचं उलटं, आत १४० च्या आसपास, बाहेर अवघं चार. हा फरक टिकवण्यासाठी प्रत्येक पेशीच्या आवरणातले पंप सतत तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, त्यासाठी ऊर्जा खर्च करतात. तुझ्या आमच्या चेता आणि स्नायू चालतात ते याच फरकावर. पंप थांबले तर आत-बाहेर हळूहळू सारखं होतं, आणि पेशी मरते. समस्थिती, म्हणजेच होमिओस्टॅसिस, ही जिवंत पेशीने सतत कमावून टिकवलेली गोष्ट आहे. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शरीराच्या आतल्या द्रवाला शरीराचं ‘अंतर्गत पर्यावरण’ म्हटलं आणि ते टिकण्यावर जगणं अवलंबून आहे असं मांडलं. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्या टिकण्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. परीक्षेत दोघांची नावं विचारली तर एवढं पुरे.

आता एक असं उदाहरण देते ज्यात तुझी चार-पाच प्रकरणं एका ओळीत बसतात. कॅल्शियम. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते अगदी थोडं, पण स्नायूंचं आकुंचन, चेतांचे संदेश, रक्त गोठणं, हे सगळं त्या थोड्यावर चालतं. त्याच्यावर लक्ष ठेवतात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी. बहुतेकांना चार असतात, प्रत्येक जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पॅराथायरॉइड संप्रेरक सोडतात. त्याने हाडांमधून कॅल्शियम सुटतं. मूत्रपिंड ते लघवीतून जाऊ देत नाहीत. मूत्रपिंडातच ‘ड’ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार होतं आणि त्यामुळे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषून घेतं. पातळी वर आली की संप्रेरक थांबतं. हाडं, मूत्रसंस्था, पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, सगळं एका धाग्यात आलं.

आणि या ग्रंथी नेमक्या कुठे आहेत याला का महत्त्व आहे? थायरॉइड काढण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांना इजा होऊ शकते. नंतर पेशंट म्हणाला, ‘ओठांभोवती मुंग्या येतायत, बोटं आखडतायत,’ तर ती तक्रार ऐकून सोडून द्यायची नसते. कॅल्शियम उतरल्याचं ते पहिलं लक्षण असू शकतं. तेव्हा ‘थायरॉइडच्या मागच्या बाजूला’ हे पाठ केलेले शब्द तुझ्या हातातलं ज्ञान होतात.

सगळेच फीडबॅक उलट दिशेचे नसतात. प्रसूतीत बाळाच्या डोक्याचा दाब गर्भाशयाच्या मुखावर पडतो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, कळा वाढतात, दाब आणखी वाढतो, आणि बाळ बाहेर येईपर्यंत हे चढत जातं. तो पॉझिटिव्ह फीडबॅक. अशा साखळीला शेवट असावा लागतो, एवढं लक्षात ठेव. पुस्तकातली बाकीची उदाहरणं मग समजायला सोपी जातात.

अभ्यासाच्या पद्धतीचं थोडक्यात सांगते. रंगीत पेनांनी ओळी रंगवणं कमी कर, त्याने वाचल्याचं समाधान मिळतं, लक्षात फारसं राहत नाही. त्याऐवजी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढ : काय राखायचं आहे, बिघाड काय झाला, कळलं कोणाला, खबर कुठून गेली, कामाला कोण लागलं. जिथे अडलीस तिथेच पुस्तक उघड. दोन दिवसांनी तोच कागद पुन्हा कोरा घेऊन काढ, मग आठवड्याने. मैत्रिणीला मोठ्याने समजावून सांगता आलं तर फारच चांगलं. रचना शिकताना स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शीक, हाड हातात घेऊन ते डावं की उजवं हे ठरव. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं. शरीर समोर तोंड करून उभं, तळवे पुढे, ही प्रमाण स्थिती मनात पक्की बसव. तुझ्या मनगटावरची नाडी ‘लॅटरल’ (बाहेरच्या) बाजूला का म्हणायची हे मग विचारावं लागणार नाही, कारण तळवा पुढे केला की अंगठा बाहेरच्या बाजूला येतो.

काही गोष्टी मात्र पाठच कराव्या लागतात, तिथे वाट काढायला जाऊ नकोस. मनगटाची आठ हाडं, कपालचेतांच्या बारा जोड्या, ही रोज थोडी थोडी घोकायची. त्याचा कंटाळा येणं म्हणजे विषय आपल्यासाठी नाही, असं मुळीच नव्हे.

इतरांना सहज जमतं, हे तू लिहिलंयस. त्यांनाही नाडीचा तो प्रश्न विचारून बघ. कोणी नीट समजावलं तर तुला अभ्यासाची सोबत मिळाली. कोणालाच नाही जमलं, तर चौघी मिळून शिक्षकांकडे जा. इतका चांगला प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षक सहसा वेळ देतात.

यानंतर कधीतरी मूत्रपिंडाचं प्रकरण येईल आणि त्यातली नळ्यांची नावं बघून पुन्हा धडकी भरेल. तेव्हा सुरुवात नावांपासून करू नकोस. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. एवढं गाळून जवळजवळ सगळं परत का घ्यायचं, हा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिही. नळीच्या प्रत्येक वळणापाशी थांबून विचार, इथे काय परत घेतलं आणि त्याने रक्तातलं काय राखलं गेलं. नाव त्यानंतर लिही.